जोसेफ मुरुंबीने उपराष्ट्रपतीपद का सोडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की केनियाचा दुसरा उपराष्ट्रपती जोसेफ मुरुंबी हा अर्धा गोवेकर होता असं कुठेतरी वाचलं, आणि एवढी मोठी खुर्ची मिळूनही वर्षाच्या आत सोडून गेला, तर नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातला मंत्री म्हणजे राजाच की, मग सोडायचं कारण काय आणि मुळात मंत्री म्हणून त्याने केलं तरी काय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. माझी नोकरी पुराभिलेखातली, आयुष्य जुन्या कागदांचे रुमाल सोडण्यात आणि परत बांधण्यात गेलं, पूर्व आफ्रिकेचा नाद नंतर लागला आणि सुटला नाही. त्यामुळे मंत्री म्हटलं की मी त्याचं भाषण नंतर वाचतो, आधी बघतो की त्याच्या टेबलावर फाइल कुठली आली, टिपणी कुणी लिहिली, शेरा कुणाचा आणि पैसा कुठल्या खात्यातून निघाला. मुरुंबीच्या बाबतीत असं बघितलं की तुमच्या 'राजा' शब्दातली हवाच जाते.

जन्म 1911 चा, केनियातल्या एल्डामा रविन नावाच्या गावी. बाप झुझार्ते आडनावाचा गोवेकर व्यापारी, आई मासाई. पोराला लहानपणीच शिक्षणासाठी भारतात पाठवलं, आधी बंगलोर मग बेल्लारी, तो परत गेला तो विशीत. म्हणजे विचार करा, मायदेशी परतलेला हा तरुण गोव्याच्या लोकांना पुरता गोवेकर वाटेना, गोऱ्यांच्या हिशेबात तर तो कुठल्याच रकान्यात बसेना, आणि त्या काळच्या केनियात रकाना हाच सगळा कारभार होता, पगार रकान्याप्रमाणे, घर रकान्याप्रमाणे, संडाससुद्धा रकान्याप्रमाणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोमालियात ब्रिटिश लष्करी प्रशासनात नोकरी धरली आणि दहाएक वर्षं तिथेच काढली. राजकारणात आला तोवर वय चाळिशीच्या पुढे गेलं होतं. झुझार्ते मागे पडलं आणि आईच्या घराण्याचं मुरुंबी हे नाव पुढे आलं.

आता 1952 चा ऑक्टोबर. माऊ माऊ या ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र बंडाच्या नावाखाली आणीबाणी लागली, जोमो केन्याटासकट (हाच पुढे पहिला राष्ट्रपती) केनिया आफ्रिकन युनियन या पक्षाचे मोठे नेते एका रात्रीत उचलले. मागे राहिलेल्यांत ज्याला इंग्रजीत पत्रव्यवहार करता येतो, परदेशात लिहिता येतं, वकील गाठता येतो असा माणूस कोण, तर हा. पक्षाचा प्रभारी सरचिटणीस झाला. केन्याटा आणि साथीदारांवर कापेंगुरियाला जो खटला चालला त्यासाठी लंडनहून डी. एन. प्रिट आले, नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवलं, नायजेरियाचा वकील आला, जमैकाचा आला, स्थानिक वकिलांत फिट्झ डिसोझा आणि अछ्रू कपिला होते, ही सगळी मोट बांधण्यात मुरुंबीचा हात होता.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे तो सांगायलाच पाहिजे. त्या वेळी नैरोबीत भारताचे कमिशनर होते औंधचे आप्पासाहेब पंत, सूर्यनमस्कारवाल्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव. 1948 पासून ते तिथे, आणि आफ्रिकन नेत्यांशी त्यांची ऊठबस इतकी वाढली की ब्रिटिशांच्या डोळ्यांत खुपायला लागले, शेवटी त्यांना तिथून हलवावं लागलं. सातारा जिल्ह्यातल्या संस्थानाचा राजपुत्र आणि केनियाचा स्वातंत्र्यलढा हे एका वाक्यात येतील असं कुणाला वाटत नाही, पण आलेत.

1953 मध्ये पक्षावर बंदी आली, त्याच साली मुरुंबी बाहेर पडला, भारत, मग इजिप्त आणि शेवटी लंडन. तिथे फेनर ब्रॉकवे या ब्रिटिश खासदाराच्या वसाहतविरोधी चळवळीत काम केलं, आणि पोटासाठी नंतर मोरोक्कोच्या वकिलातीत प्रसिद्धी आणि पर्यटनाचं खातं सांभाळलं. हे वाचून लोक हसतात, पण पुढे परराष्ट्रमंत्री होणाऱ्या माणसाला याच्याइतकी चांगली उमेदवारी दुसरी मिळाली नसती. वकिलात आतून कशी चालते, पत्राचा मसुदा कसा होतो, पत्रकाराला किती सांगायचं आणि कुठे थांबायचं हे त्याने दुसऱ्याच्या पगारावर शिकून घेतलं. नऊ-दहा वर्षांनी, 1962 मध्ये घरी परतला तेव्हा त्याच्याकडे जमात नव्हती, जमीन नव्हती, तुरुंगवासाचा शिक्काही नव्हता (तो त्या काळचा सगळ्यात मोठा शिक्का). होते ते पत्ते आणि ओळखी. लंडन, दिल्ली, कैरो, अॅक्रा, कुणाला पत्र टाकलं की उत्तर येईल हे त्याला माहीत होतं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात माणसं तीन वाटांनी आली. ज्यांच्यामागे एखादी जमात किंवा प्रांत उभा होता ते, म्हणजे लुओ जमातीचा ओगिंगा ओडिंगा, जो पुढे पहिला उपराष्ट्रपती झाला. जे केन्याटाच्या घरातले किंवा जवळचे होते ते. आणि ज्यांना काम येत होतं ते. मुरुंबी तिसऱ्यांपैकी, आणि असा मंत्री पहिल्या दिवसापासून साहेबांच्या मर्जीवर उभा असतो, त्याला काढलं तर गावाकडे एक दगडसुद्धा भिरकावला जाणार नाही. 1963 ला तो नैरोबी साउथमधून निवडून आला खरा, पण त्या मतदारसंघात मतं कानू या केन्याटाच्या नव्या पक्षाची होती, त्याची नव्हती.

जून 1963 मध्ये अंतर्गत स्वराज्याचं सरकार आलं आणि मुरुंबी पंतप्रधान केन्याटाच्या कार्यालयात राज्यमंत्री झाला. आता फाइलचं बघा. नवा मंत्री ऑफिसात येतो, कपाट उघडतो, तर काय असतं आत? ब्रिटिशांनी जायच्या आधी कागदांची पद्धतशीर निवड केली होती. काही कागदांवर 'वॉच' म्हणून लाल डब्ल्यूचा शिक्का, आणि ते फक्त युरोपियन वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनानेच हाताळायचे. जाळायचे कागद जाळून नुसते सोडायचे नाहीत, राखसुद्धा चुरून टाकायची अशा लेखी सूचना होत्या. उरलेले पेटाऱ्यांत भरून इंग्लंडला. केनियातून गेलेल्या साधारण 1,500 फाइली होत्या, केनिया सरकारने 1967 मध्ये त्या मागितल्या, ब्रिटनने दिल्या नाहीत, आणि 2009 मध्ये माऊ माऊच्या म्हाताऱ्या कैद्यांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला तेव्हा कुठे 2011 मध्ये त्या हॅन्सलोप पार्क या ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या कोठारातून बाहेर आल्या. ज्याने दप्तरात काम केलंय त्याला कळेल याचा अर्थ काय. आधीच्या साहेबाने कुणाला काय शब्द दिला, कुठल्या शेजाऱ्याशी सीमेचं काय बोलणं झालं, पोलिसांचे खबरे कोण, यातलं काहीच नव्या मंत्र्याला माहीत नाही, आणि समोर बसलेल्या ब्रिटिश हायकमिशनरला सगळं माहीत. वाटाघाटीला एकजण पत्ते घेऊन बसलाय आणि दुसऱ्याला पत्ते वाटलेच नाहीत. आपल्याकडे 1947 ला निदान आयसीएसचे देशी अधिकारी तरी होते, त्यांनी आधीच्या फाइली स्वतःच लिहिल्या होत्या. केनियात वरच्या जागांवर आफ्रिकन माणूस औषधालाही नव्हता.

12 डिसेंबर 1963 ला स्वातंत्र्य, बरोबर वर्षाने प्रजासत्ताक, आणि त्याबरोबर मुरुंबी पूर्ण परराष्ट्रमंत्री. खातं शून्यातून उभं करायचं, कुठे वकिलात उघडायची, कुणाला पाठवायचं, त्याला आधी शिकवायचं कुठे, आणि हे सगळं चालू असताना दारात जग उभं. दोन प्रसंग सांगतो, बाकीचे सोडतो.

पहिला काँगोचा, पूर्ण मंत्री व्हायच्या आधीचा. 1964 ला तिथे बंड पेटलं होतं, आफ्रिकन एकता संघटनेने समिती नेमली, अध्यक्ष केन्याटा. सप्टेंबरमध्ये समितीचं शिष्टमंडळ घेऊन मुरुंबी वॉशिंग्टनला गेला, मागणी अशी की काँगो सरकारला अमेरिकेने जी लष्करी मदत चालवली आहे ती थांबवा. अमेरिकेचं म्हणणं, मदत मागणारं काँगोचं सरकार, त्याला बाजूला ठेवून आम्ही तुमच्याशी चर्चा कशी करू. गोड बोलून परत पाठवलं. आणि 24 नोव्हेंबरला अमेरिकन विमानांतून बेल्जियमचे छत्रीधारी सैनिक बंडखोरांच्या ताब्यातल्या स्टॅनलेव्हिल शहरावर उतरले, तेही बंडखोरांनी तिथे धरलेल्या ओलिसांच्या सुटकेची बोलणी नैरोबीत चालू असताना. वर्षही न झालेल्या देशाच्या मंत्र्याची किंमत किती, हे त्या दोन महिन्यांत कळून चुकलं.

दुसरा ऱ्होडेशियाचा, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण इथे हात बाहेरच्यांनी बांधले नव्हते, घरातूनच बांधले होते. 11 नोव्हेंबर 1965 ला इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, आफ्रिकन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आदिस अबाबात ठराव केला की ब्रिटनने बंड मोडलं नाही तर ब्रिटनशी संबंध तोडायचे. टांझानियाने तोडले, घानाने तोडले. केनियाने तोडले नाहीत. का? कारण गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी विकत घेऊन आफ्रिकन कुटुंबांना वाटायची दहा लाख एकरांची योजना ब्रिटिश पैशांवर चालली होती, आणि 1964 च्या जानेवारीत लानेटच्या छावणीत केनियाच्या स्वतःच्या जवानांनी बंड केलं तेव्हा ते मोडायला ब्रिटिश सैनिकच बोलवावे लागले होते. ज्याने दहा वर्षं लंडनमध्ये वसाहतवादाविरुद्ध सभा घेतल्या त्याच्याच खात्याला ही भूमिका जगापुढे मांडावी लागली. मला विचाराल तर मंत्रीपदाची खरी चव ही. वेगळं मत असेल तर घरी जाऊन बायकोला सांगायचं.

आता आतलं राजकारण, आणि इथे दुसरा गोवेकर येतो, पियो गामा पिंटो. नैरोबीत जन्मलेला, गोव्यात आणि धारवाडला शिकलेला, मुंबईत नोकरी केलेला, गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीविरुद्ध काम करून अटकेच्या भीतीने 1949 मध्ये केनियाला परतलेला. आणीबाणीत त्याने मांडा बेटावर स्थानबद्धता भोगली. मुरुंबीचा जिवाभावाचा मित्र, दोघेही पक्षाच्या डाव्या गटाचे, ओडिंगाच्या जवळचे. 24 फेब्रुवारी 1965 ला सकाळी नैरोबीतल्या वेस्टलँड्समधल्या घराच्या फाटकाशी, छोटी मुलगी गाडीत असताना, पिंटोला गोळ्या घातल्या. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. एका तरुणाला शिक्षा झाली, तो 2001 मध्ये सुटला, आणि कुणाच्या सांगण्यावरून हे झालं याचा निकाल आजपर्यंत लागलेला नाही. त्यावर मी तर्क लढवणार नाही. एवढंच सांगतो की मुरुंबी त्या वेळी परराष्ट्रमंत्री होता, आणि ज्या मंत्रिमंडळात बसत होता त्यातल्या कुणाकडे बघून काय वाटत असेल याची कल्पना तुम्हीच करा.

त्याच वसंतात आणखी एक गोष्ट घडली, ती आफ्रिकेतल्या मंत्रिपदाबद्दल सगळं सांगून जाते. बिल्डाड काग्गिया, केन्याटाबरोबर एकाच तुरुंगात वर्षं काढलेला, सरकारात संसदीय सचिव होता, जमिनी भूमिहीनांना फुकट द्या म्हणत राहिला म्हणून आधीच बाहेर गेला होता. एप्रिल 1965 मध्ये जाहीर सभेत, काग्गिया समोर असताना, केन्याटाने त्याला सुनावलं, की आपण तुरुंगात बरोबर होतो, बाकीच्यांनी बघ शेतं घेतली, बसगाड्या घेतल्या, तू स्वतःसाठी काय केलंस? हे टोमणा म्हणून बोलला, प्रामाणिकपणाचं कौतुक म्हणून नव्हे. राष्ट्रपती भर सभेत असं बोलतो तेव्हा खालच्या प्रत्येक मंत्र्याला, सचिवाला, जिल्हाधिकाऱ्याला परिपत्रक निघाल्यासारखंच असतं. पुढे 1971 च्या न्डेग्वा आयोगाने सरकारी नोकरांना धंदा करायची अधिकृत मुभाच दिली, पण रीत आधीच पडली होती.

मग 1966. मार्चमध्ये लिमुरूला कानू पक्षाचं अधिवेशन झालं, त्यात ओडिंगाचं पक्षातलं उपाध्यक्षपद असं कापलं की एकाच्या जागी आठ उपाध्यक्ष, प्रत्येक प्रांताला एक. डाव सरळ होता. एप्रिलमध्ये ओडिंगाने सरकारातून राजीनामा दिला, नवा पक्ष काढला, आणि मे महिन्यात केन्याटाने राष्ट्राच्या रिकाम्या झालेल्या उपराष्ट्रपतीपदावर मुरुंबीला बसवलं.

तुम्ही याला बढती म्हणता. दप्तराच्या भाषेत बघा, परराष्ट्र खातं हातातून गेलं. स्वतःचं मनुष्यबळ, स्वतःच्या वकिलाती, रोजची टपाल पिशवी, सगळं गेलं आणि आली ती शोभेची गाडी. मुरुंबीच का, याचं उत्तरही सोपं आहे, केन्याटाच्याच जमातीचा किकुयू बसवला तर लुओ भडकतील, लुओ बसवला तर ओडिंगाचा माणूस, मोठ्या जमातीचा कुणीही बसवला तर उद्याचा वारस म्हणून बाकीचे त्याच्या जिवावर उठतील. अर्धा मासाई, अर्धा गोवेकर, मागे कुणी नाही, सगळ्यांना चालेल असा माणूस. ज्या कारणासाठी तो निवडला गेला त्याच कारणामुळे तो तिथे काही करू शकणार नव्हता. 1966 संपता संपता त्याने पद सोडलं. जानेवारीत डॅनियल अराप मोई आला, आणि तो 1978 ला केन्याटा वारेपर्यंत त्याच खुर्चीवर चिकाटीने बसला आणि मग चोवीस वर्षं राष्ट्रपती झाला. त्याच पदाचं त्याने काय केलं बघा. मोईला मागे प्रांत होता आणि थांबायची तयारी होती.

मुरुंबीच्या राजीनाम्याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात, पिंटोचा खून, जमिनींची ओरबाड, तब्येत. माझ्या मते सगळी खरी आहेत पण त्यातल्या कुठल्याही कारणाने बाकीचा एकही मंत्री गेला नाही, तेव्हा प्रश्न असा विचारायला पाहिजे की हा जाऊ कसा शकला. जाऊ शकला कारण त्याचं पोट खुर्चीवर नव्हतं. बाकीच्यांचं घर, कर्ज, शेत, गावातल्या शे-दोनशे माणसांच्या नोकऱ्या सगळं मंत्रिपदाला टांगलेलं, मंत्री गेला की पूर्ण गाव उघड्यावर. याच्यामागे गावच नाही. शिवाय बाहेर रोथमन्स सिगारेट कंपनीच्या केनियातल्या शाखेचं अध्यक्षपद होतं. हो, सिगारेट कंपनी. त्याला संत करायची घाई कुणी करू नये, पिंटो गेल्यावरही तो दीड वर्षाच्या वर सरकारात होता, ओडिंगाला बाजूला सारून रिकामी केलेली खुर्ची त्याने घेतली, आणि गेला तोही तोंड न उघडता. बोलला असता तर काय झालं असतं? टॉम म्बोया त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदवान मंत्री, 1969 च्या जुलैमध्ये नैरोबीच्या भर रस्त्यात दुपारी गोळी खाऊन मेला. त्यामुळे गप्प राहिल्याचा दोष मी देत नाही, पण त्याला बाणेदारपणाही म्हणत नाही.

तुलनेला टांझानियाचा अमीर जमाल बघा, गुजराती इस्माइली, त्याच्यामागेही जमात नाही, पण अनेक वर्षं अर्थमंत्री आणि ऐंशीच्या दशकापर्यंत मंत्रिमंडळात. फरक माणसात कमी, तिथल्या राष्ट्रपती न्येरेरेत जास्त. तिथे 1967 च्या आरुशा जाहीरनाम्याने पुढाऱ्यांना भाड्याची घरं आणि कंपन्यांचे शेअर ठेवायलाच बंदी घातली, म्हणजे काग्गियाला जो टोमणा बसला तो तिथे उलट्या दिशेने बसला असता. बिनजमातीचा कामसू मंत्री कुठे टिकेल हे वरचा माणूस कशाला हसतो यावर ठरतं.

राहिला तुमचा 'मंत्री म्हणून केलं काय' हा प्रश्न. परराष्ट्र खात्याची घडी बसवली हे एक. दुसरं लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो, 1965 च्या कायद्याने केनियाचं राष्ट्रीय अभिलेखागार उभं राहिलं आणि पुढे मुरुंबी त्याचा अध्यक्ष झाला. ज्याला रिकामी कपाटं मिळाली त्याने कपाटं भरायचं काम अंगावर घेतलं, हे मला आमच्या धंद्यातला माणूस म्हणून फार भावतं. स्वतःही आयुष्यभर गोळा करत राहिला, पुस्तकं, पत्रं, तिकिटं, मुखवटे, कापडं, दागिने. अॅलन डोनोव्हन नावाच्या अमेरिकन माणसाबरोबर आफ्रिकन हेरिटेज ही कलादालनाची पेढी काढली. पुस्तकं आणि कागद मिळून 50,000 च्या वर, त्यातली 8,000 च्या आसपास 1900 पूर्वी छापलेली. परदेशी गिऱ्हाईकं पैसे घेऊन उभी होती, तरी सत्तरच्या दशकात त्याने संग्रह आणि नैरोबीच्या मुथैगा भागातलं राहतं घर केनिया सरकारला विकलं, बोली अशी की तिथे आफ्रिकन अभ्यासाची संस्था व्हावी. संस्था झाली नाही आणि घर पुढे पाडलं गेलं. सरकारी बोलीवर किती भरवसा ठेवायचा हे मंत्री राहिलेल्या माणसालाही कळलं नाही, किंवा कळूनही दुसरा गिऱ्हाईक नको होता.

1990 मध्ये तो गेला, नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये पिंटोच्या कबरीजवळ त्याची कबर आहे. तुम्ही पुढच्या वर्षी नैरोबीला जाणार म्हणालात, तर सफारीच्या गडबडीत अर्धा दिवस काढा. अभिलेखागार मोई अव्हेन्यूवर आहे, इमारत पूर्वी बँक ऑफ इंडियाची होती, बाहेर म्बोयाचा पुतळा दिसेल. तिथे मुरुंबीची पुस्तकं आणि बऱ्याच वस्तू आहेत, बाकीचा संग्रह नैरोबी गॅलरीत. आणि कागदपत्रं बघायची असतील तर आधी पत्र टाकून परवानगीचं विचारून घ्या, आयत्या वेळी काउंटरवर जाऊन हुज्जत घालू नका, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतोय.